तबकड्यांचे शहर किंग्स्टन

जमैका म्हटले की बहुतेकांना निळा समुद्र आणि क्रिकेट आठवते. पण या बेटाच्या राजधानीत संगीत जन्माला आले ते सभागृहात नव्हे, तर रस्त्यावर. नवी तबकडी बाजारात यावी की नाही, हे तेथे गल्लीत नाचणारी माणसे ठरवत आली आहेत.

किंग्स्टनला विमान उतरू लागते तेव्हा क्षणभर ते समुद्रातच उतरत आहे असे वाटते. तेथील नॉर्मन मॅन्ली विमानतळ आहेच तसा. पॅलिसेडोज नावाची जमिनीची एक अरुंद पट्टी समुद्रात शिरलेली आहे आणि तिच्यावर धावपट्टी बांधलेली आहे. एका बाजूला कॅरिबियन समुद्राच्या लाटा, दुसऱ्या बाजूला किंग्स्टनचे शांत बंदर आणि समोर धुक्यात बुडालेल्या ब्लू माउंटन्सच्या रांगा. या डोंगरांचे सर्वात उंच शिखर २,२५६ मीटरचे आहे. जगभरात भारी किमतीला विकली जाणारी ब्लू माउंटन कॉफी याच उतारांवर पिकते.

पट्टीच्या टोकाला पोर्ट रॉयल हे लहानसे गाव आहे. सतराव्या शतकात ते चाच्यांचे आणि धनिक व्यापाऱ्यांचे शहर होते. ७ जून १६९२ रोजी भूकंप झाला आणि शहराचा मोठा भाग समुद्राने गिळला. वाचलेल्या माणसांनी बंदराच्या पलीकडच्या काठावर नवी वस्ती वसवली. तेच आजचे किंग्स्टन. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला, तेव्हा हेच शहर नव्या देशाची राजधानी राहिले.

मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. येथील सबिना पार्क मैदानावर १९७१ च्या फेब्रुवारीत अजित वाडेकरांचा संघ पहिली कसोटी खेळत होता. ७५ धावांत भारताचे ५ गडी बाद झाले होते. अशा वेळी गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांना साथीला घेऊन डाव सावरला आणि २१२ धावा काढल्या. भारताने त्या सामन्यात वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला. पुढे ती मालिकाही जिंकली. किंग्स्टनमधील जुन्या क्रिकेट रसिकांपाशी हा विषय काढला, तर गप्पा लवकर संपत नाहीत.

ऑरेंज स्ट्रीटची कहाणी

किंग्स्टनचे दोन भाग पडतात. डोंगराकडचा भाग ‘अपटाउन’. तेथे बंगले, हॉटेले आणि बागा आहेत. बंदराकडचा भाग ‘डाउनटाउन’. तेथे बाजार, गोदामे, पत्र्याची घरे आणि गर्दी. डाउनटाउनच्या मध्यावर ‘परेड’ नावाचा चौक आहे. जवळच कोरोनेशन मार्केट हा भाजीबाजार भरतो. रताळी, सुरण, कच्ची केळी, आले, मिरच्या असे ढीग पाहून भारतीय माणसाला एखाद्या ओळखीच्या मंडईत आल्यासारखे वाटते.

याच चौकाजवळून ऑरेंज स्ट्रीट निघतो. एके काळी या रस्त्यावर आणि आसपास रेकॉर्डच्या दुकानांची रांग होती. म्हणून लोक त्याला ‘बीट स्ट्रीट’, म्हणजे तालाचा रस्ता म्हणत. प्रत्येक दुकानाच्या दारात कर्णा लावलेला असे आणि प्रत्येक जण आपली नवी तबकडी वाजवून गिऱ्हाइकाला आत ओढत असे. प्रिन्स बस्टर या गायकाचे दुकान येथेच होते. डेनिस ब्राऊन हा लाडका गायक याच रस्त्यावर लहानाचा मोठा झाला. मेलोडिका हे शाळकरी मुलांचे फुंकवाद्य जगभर पोहोचवणाऱ्या ऑगस्टस पाब्लोचे ‘रॉकर्स इंटरनॅशनल’ हे दुकान १९९९ मध्ये तो वारल्यानंतरही कित्येक वर्षे चालत राहिले. बाकीची बहुतेक दुकाने मात्र एकेक करून बंद पडली.

परेडच्या उत्तर बाजूला १७, नॉर्थ परेड या पत्त्यावर ‘रँडीज’ नावाचे दुकान होते. व्हिन्सेंट चिन हे त्याचे मालक. त्यांचे मूळचे काम गावोगावच्या उपाहारगृहांतील नाणे टाकून वाजणाऱ्या पेट्यांमध्ये, म्हणजे ज्यूकबॉक्समध्ये, रेकॉर्ड बदलण्याचे. जुन्या झालेल्या रेकॉर्ड फेकून देण्याऐवजी त्यांनी त्या विकायला ठेवल्या आणि त्यातून दुकान उभे राहिले. गल्ल्यावर बसत त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया. त्यांचे वडील भारतीय वंशाचे आणि आई चिनी वंशाची. गिऱ्हाईक एखाद्या गाण्याची फक्त चाल गुणगुणे आणि पॅट्रिशियाबाई नेमकी तबकडी काढून देत. दुकानाच्या वर ध्वनिमुद्रणाची खोली झाली. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कला गेले आणि १९७९ मध्ये तेथे ‘व्हीपी रेकॉर्ड्स’ सुरू केली. ती रेगे संगीताची जगातील फार मोठी कंपनी ठरली.

गरिबांचा जलसा

हे सारे सुरू कसे झाले? १९४० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत रेडिओ फार थोड्या घरांत होता. वाद्यवृंद बोलावणे श्रीमंतांनाच परवडे. मग काही दुकानदारांनी मोठे अ‍ॅम्प्लिफायर, कपाटाएवढे स्पीकर आणि एक रेकॉर्ड प्लेअर एकत्र करून मोकळ्या अंगणात नाच भरवायला सुरुवात केली. यालाच ‘साउंड सिस्टिम’ म्हणतात. सुरुवातीच्या काळात सर्वात गाजलेली सिस्टिम टॉम वाँग या व्यापाऱ्याची. तिचे नाव ‘टॉम द ग्रेट सेबास्टियन’. तिचे अ‍ॅम्प्लिफायर हेडली जोन्स या स्थानिक कारागिराने बनवले होते.

तिकीट थोडेसेच असे. खरी कमाई पेयांच्या विक्रीवर होई. ज्याची तबकडी चांगली, त्याच्या अंगणात गर्दी. म्हणून प्रत्येक मालक अमेरिकेतून अशी रेकॉर्ड मिळवण्याच्या खटपटीत असे, जी दुसऱ्यापाशी नाही.

क्लेमंट डॉड हा त्यांपैकी एक. आईच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी रेकॉर्ड लावणारा हा मुलगा शाळेत क्रिकेट इतके छान खेळे की मित्रांनी त्याला यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सनवरून ‘कॉक्सन’ हे नाव दिले. ते त्याला जन्मभर चिकटले. अमेरिकेतील शेतांवर मजुरीला गेला असता तो पेटी भरून तबकड्या घेऊन आला. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचे नाव कळू नये म्हणून तो तबकडीच्या मधला कागद खरवडून टाकी. त्याची एक धून अनेक वर्षे फक्त त्याच्याच अंगणात वाजत होती. एका रात्री प्रतिस्पर्धी ड्यूक रीडने तीच धून आपल्या सिस्टिमवर लावली. ती ऐकून डॉडला भोवळ आली, असे जुने लोक हसत हसत सांगत.

पन्नाशीचे दशक संपत आले तसे अमेरिकेतील संगीत बदलले आणि किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना आवडेल असा माल मिळेनासा झाला. तेव्हा या मालकांनी ठरवले की आपणच गाणी बनवावीत. त्यातून ‘स्का’ हे जमैकाचे स्वतःचे संगीत आले. १९६६ च्या सुमारास त्याची लय संथ होऊन ‘रॉकस्टेडी’ झाले आणि १९६८ मध्ये ‘रेगे’. डॉडने १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर ‘स्टुडिओ वन’ उघडला. बॉब मार्ली आणि त्याचे साथीदार पोरवयात येथेच गाऊ लागले. २००४ मध्ये या रस्त्याला ‘स्टुडिओ वन बुलेव्हार्ड’ असे नाव देण्यात आले. समारंभानंतर काही दिवसांतच, ४ मे रोजी, डॉडने त्याच स्टुडिओत शेवटचा श्वास घेतला.

चुकीतून जन्मलेले संगीत

आता ‘डब’ म्हणजे काय ते पाहू. ड्यूक रीडचा स्टुडिओ बाँड स्ट्रीटवर त्याच्या दारूच्या दुकानाच्या माडीवर होता. १९६७-६८ च्या सुमारास जवळच्या स्पॅनिश टाउनमधील एक सिस्टिम मालक, रडी रेडवुड, तेथे एका गाण्याची नमुना तबकडी कापून घेत होता. तंत्रज्ञाकडून चुकून गायकाचा आवाज चालू करायचा राहून गेला. तबकडीवर उतरले फक्त वाद्यसंगीत. रडीने ती तशीच मागून घेतली. रात्री नाचात त्याने आधी मूळ गाणे लावले आणि मग हे बिनआवाजाचे. लोकांनी स्वतःच शब्द म्हणायला सुरुवात केली. अंगण दुमदुमून गेले.

त्यानंतर जमैकात रेकॉर्डच्या एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला त्याची बिनआवाजाची ‘व्हर्शन’ अशी पद्धत पडली. निर्मात्याचीही त्यात सोय होती. दुसऱ्या बाजूसाठी वेगळे गाणे बनवण्याचा खर्च वाचे.

ही पद्धत कलेच्या पायरीवर नेली ऑस्बोर्न रडॉक या माणसाने. जन्म १९४१. सारे त्याला ‘किंग टबी’ म्हणत. पेशाने तो रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा. ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. वॉटरहाउस या गरीब वस्तीतील १८, ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यू या घरात त्याने एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेले ध्वनिमिश्रणाचे यंत्र आणून बसवले. घर इतके लहान की गायकाला न्हाणीघरात उभे राहून गावे लागे.

टबी करी ते थोडक्यात असे : चार पट्ट्यांवर ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यातील ढोल आणि बेस गिटार तो चालू ठेवी. गायकाचा एखादाच शब्द येऊ देई आणि लगेच बंद करी. तो शब्द प्रतिध्वनीच्या यंत्रातून घुमत, विरत जाई. मग गिटारचा एक फटका, मग पुन्हा शांतता. स्प्रिंगच्या यंत्राला तो मध्येच टपली मारी आणि मेघगर्जनेसारखा आवाज निघे. विहिरीत डोकावून हाक मारल्यावर जसा आवाज परत येतो, तसे हे संगीत. गाणे तेच, पण त्याची हाडे उघडी करून दाखवलेली. लंडनपासून टोकियोपर्यंत आज ज्याला ‘रिमिक्स’ म्हणतात, त्याची एक मोठी मुळी या घरात आहे.

६ फेब्रुवारी १९८९ रोजी टबीची त्याच्या राहत्या घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. वय अवघे ४८. मारेकरी सापडले नाहीत. ज्याने शहराला इतके दिले, त्याला शहर सांभाळू शकले नाही, ही खंत वॉटरहाउसमध्ये आजही आहे.

नवी तबकडी येते कशी?

किंग्स्टनमध्ये नवे गाणे थेट दुकानात येत नसे. आधी त्याची ‘डबप्लेट’ कापली जाई. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप असतो. त्यावर यंत्राची सुई खोबण कोरते. ही चकती मऊ असल्याने काही डझन वेळा वाजवली की तिचा आवाज विरू लागतो. पण तेवढ्यात तिचे काम झालेले असते. शनिवारच्या रात्री ती सिस्टिमवर लागते. लोक नाचले, ओरडले, भांड्यांची झाकणे वाजवून ‘पुन्हा लाव’ म्हणाले, तरच निर्माता कारखान्यात ४५ फेऱ्यांच्या पक्क्या तबकड्या छापायला टाकी. लोक गप्प उभे राहिले, तर गाणे तेथेच मरे. समीक्षक नाहीत, जाहिरात नाही. न्यायाधीश म्हणजे गल्लीतील माणसे.

नाचात तबकडी निवडून लावणाऱ्याला ‘सिलेक्टर’ म्हणतात. हातात माइक घेऊन तालावर बोलणारा, टोमणे मारणारा, गल्लीच्या बातम्या सांगणारा तो ‘डीजे’. आपल्याकडे डीजे म्हणजे रेकॉर्ड लावणारा, तेथे मात्र उलटे. दोन सिस्टिम समोरासमोर उभ्या राहिल्या की ‘क्लॅश’ होतो. तेव्हा प्रत्येक जण नामवंत गायकाकडून आपल्या सिस्टिमचे नाव गुंफलेली खास डबप्लेट गाऊन घेतो. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक क्लॅशमध्ये जपानच्या योकोहामा शहरातील ‘मायटी क्राऊन’ या सिस्टिमने बाजी मारली, तेव्हा किंग्स्टनचेही डोळे विस्फारले.

आज तंत्र बदलले आहे. लॅपटॉपवरून गाणी वाजतात. तरी डब संगीताच्या नव्या तबकड्या निघतातच. इंग्लंड, फ्रान्स, इटली, जपान येथील लहान लहान कंपन्या जमैकाच्या गायकांचे आवाज घेऊन सात, दहा आणि बारा इंचांच्या रेकॉर्ड काढतात. जुन्या दुर्मिळ तबकड्याही पुन्हा छापल्या जातात. रसिक त्या जपून ठेवतात.

पैसा कोणाचा?

या चमकत्या तबकडीला एक काळी बाजूही आहे. १९९३ पर्यंत जमैकात इंग्रजांच्या काळातील १९११ चा स्वामित्वहक्क कायदाच चालू होता. त्याची अंमलबजावणी नावालाच. गायकाला ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हातावर थोडे पैसे मिळत आणि विषय संपे. गाणे पुढे जगभर गाजले, तरी त्याच्या घरी काही येत नसे.

सिस्टर नॅन्सीचे उदाहरण बोलके आहे. किंग्स्टनमधील पंधरा भावंडांच्या घरातील ही मुलगी. माइकवर फक्त पुरुषच उभे राहत, त्या काळात ती साउंड सिस्टिमवर डीजे झाली. १९८२ मध्ये आलेले तिचे ‘बॅम बॅम’ हे गाणे पुढे चित्रपटांत, जाहिरातींत आणि इतरांच्या गाण्यांत असंख्य वेळा वापरले गेले. ती मात्र १९९० च्या दशकात अमेरिकेत गेली आणि न्यू जर्सीत एका बँकेत हिशेबाचे काम करू लागली. २०१४ मध्ये दूरदर्शनवरील एका जाहिरातीत तिला आपलाच आवाज ऐकू आला. तेव्हा तिने कायदेशीर पाठपुरावा केला आणि तीसहून अधिक वर्षांनी त्या गाण्याचा वाटा तिच्या पदरात पडू लागला. तिच्यासारख्या कित्येकांना तेवढाही मिळाला नाही.

नाचाची रात्र आणि शेजाऱ्यांची झोप

रस्त्यावरच्या नाचावर गल्लीतील कित्येक घरांची चूल पेटते. कोणी उकडलेली कणसे विकतो, कोणी भाजलेल्या शेंगा, कोणी तळलेली मासळी. मोठ्या पातेल्यात ‘करी गोट’, म्हणजे हळद-मसाल्याचे बोकडाचे मटण, रटरटत असते. हा पदार्थ भारतीय मजुरांची देणगी. १० मे १८४५ रोजी ‘मेडस्टोन’ हे जहाज भारतीय वेठमजुरांना घेऊन ओल्ड हार्बर बे येथे लागले. १९१७ पर्यंत छत्तीस हजारांहून अधिक भारतीय उसाच्या आणि केळीच्या मळ्यांवर आले. बरेचसे उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे होते. त्यांची भाषा जवळजवळ विसरली गेली, पण मसाला राहिला. आज करी गोटवाचून जमैकातील कोणताही जलसा पुरा होत नाही.

मात्र शेजारी आजारी म्हातारा असेल किंवा सकाळी मुलाची परीक्षा असेल, तर हाच जलसा डोकेदुखी ठरतो. खोल बेसच्या आवाजाने खिडक्यांची तावदाने थरथरतात. म्हणून १९९७ मध्ये ध्वनिनियंत्रणाचा कायदा आला. त्याने आठवड्याच्या मधल्या दिवसांत मध्यरात्री आणि आठवडाअखेर रात्री दोन वाजता संगीत थांबवण्याचे बंधन घातले. पोलिसांची गाडी आली की वस्तीत कुरबूर होते. शेंगा विकणारी बाई म्हणते, धंद्याची वेळच बाराला सुरू होते. शेजारीण म्हणते, आमच्या झोपेचे काय? दोघींचेही बरोबर आहे आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

गोव्यापर्यंत

संगीताचे हे बीज दूरदूर रुजले. इंग्लंडला स्थलांतरित झालेल्या जमैकनांनी पन्नासच्या दशकात तेथे सिस्टिम उभ्या केल्या. बर्मिंगहॅममधील पंजाबी कुटुंबात वाढलेला ‘अपाची इंडियन’ त्यांच्याच शेजारात रेगे शिकला आणि १९९३ च्या सुमारास भारतातही घरोघर ऐकला गेला. २००९ मध्ये दिल्लीत ‘रेगे राजाज’ ही मंडळी जमली आणि २०१६ पासून त्यांनी गोव्यात ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू केला. सरदेसाईंच्या गोव्यात किंग्स्टनचा ताल घुमावा, हाही एक योगच.

जमैकानेही आता या ठेव्याकडे लक्ष दिले आहे. २००८ पासून फेब्रुवारी हा ‘रेगे महिना’ म्हणून साजरा होतो, कारण डेनिस ब्राऊन आणि बॉब मार्ली दोघांचेही जन्मदिवस या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. २०१५ मध्ये युनेस्कोने किंग्स्टनला संगीतनगरी म्हणून मान दिला आणि २०१८ मध्ये रेगे संगीताला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

जाणाऱ्यांसाठी

भारतातून किंग्स्टनला थेट विमान नाही. लंडन किंवा उत्तर अमेरिकेतील एखाद्या शहरातून विमान बदलावे लागते. मार्गातील देशाच्या व्हिसाचीही आधी चौकशी करावी. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ, म्हणून डिसेंबर ते एप्रिल हे महिने चांगले. ५६, होप रोड येथील बॉब मार्लीचे घर, ट्रेंच टाउनमधील जुनी चाळवजा वस्ती आणि १८८१ मध्ये जॉर्ज स्टीबेल या कृष्णवर्णीय लक्षाधीशाने बांधलेले डेव्हन हाउस ही ठिकाणे मुलाबाळांसह पाहता येतात. डेव्हन हाउसचे आइस्क्रीम मुलांना नक्की आवडेल. शाकाहारी मंडळींनी रास्ताफारी पंथाच्या लोकांची ‘आयटल’ खाणावळ शोधावी. तेथे मांस नसते. नारळाच्या दुधातील भाज्या आणि कडधान्ये कोकणी जेवणाची आठवण करून देतात.

डाउनटाउनमध्ये दिवसा जावे, स्थानिक माणूस बरोबर घ्यावा आणि दागिने हॉटेलवरच ठेवावेत. वॉटरहाउस किंवा ट्रेंच टाउन या वस्त्या हिंडताना विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत. ती माणसांची घरे आहेत. नमस्कार करून दोन शब्द बोलले की तीच माणसे आपणहून दारे उघडतात.

आणि परतताना ४५ फेऱ्यांची एखादी तबकडी जरूर आणावी. घरी रेकॉर्ड प्लेअर असेल तर आधी गाण्याची बाजू ऐकावी, मग ती उलटावी. दुसऱ्या बाजूला गायक नसेल. तेथे शब्द ऐकणाऱ्यानेच म्हणायचे असतात.